जुन्या वस्तऱ्याचें वय

एकाद्या जुन्या वाड्यांत तलवार सांपडली तर ती पुसून-घांसून भिंतीवर चढते. जुनें नाणें सांपडलें तर तें देवघरांत जातें. ताम्रपट सांपडला तर तो वाचण्यासाठीं विद्वान् मंडळी दूरवरून धांवून येतात. परंतु त्याच वाड्याच्या फडताळांत एकादा जुना वस्तरा सांपडला तर तो मात्र मोडीच्या टोपलींत पडतो. वस्तुतः त्या तलवारीनें उभ्या आयुष्यांत एकदां तरी काम केलें होतें कीं नाहीं ह्याची शंकाच असते. वस्तऱ्यानें मात्र पन्नास-पन्नास वर्षें पहांटेपासून गांवाची चाकरी केलेली असते. बाळाच्या जावळापासून सुतकांतल्या क्षौरापर्यंत घरांतील अनेक प्रसंगीं त्याची हजेरी लागलेली असते. अशा ह्या इमानी नोकराचें वय कसें ओळखावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी ह्या विषयाकडे वळलों तो कुरुंद्यामुळें. हिंगोली जिल्ह्यांत, वसमत तालुक्यांत हें गांव आहे. नरहर कुरुंदकरांच्या आडनांवामुळें त्याचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालें आहे. तेथील एका वृद्ध नाभिकांकडे माझें पूर्वीपासून जाणें-येणें. वय ऐंशीच्या आसपास. सारा गांव त्यांना मामा म्हणतो, मीहि म्हणतों. मी शाळामास्तर असल्यामुळें त्यांच्या लेखीं मी गुरुजी. एके दिवशीं त्यांनीं आपल्या आजोबांची चामड्याची धोकटी माझ्यापुढें ओतली. तींत नराणी होती, चिमटा होता, पितळेची वाटी होती, धारेचा दगड होता, आणि चार वस्तरे होते. त्यांतला एक वस्तरा फडक्यांत गुंडाळून दोऱ्यानें बांधलेला होता.

मामा म्हणाले, “गुर्जी, शहरातून एक गिऱ्हाईक आलं होतं. हा पांढऱ्या मुठीचा पेशव्यांच्या वेळचा हाय म्हनला. मोठी रक्कम देतो म्हनला, बाकीचे दोन त्याच्यावर फुकट मागतो. नातीची फी भरायची हाय. पर खरं काय ते कळल्याबिगर इकायचं कसं? तुमी तेवढं वय काढून द्या.” आणि मग फडक्यांतील वस्तरा बाजूला सारून म्हणाले, “हा मातर इकायचा न्हाई.”

प्रश्न साधा होता, पण जबाबदारीचा होता. वय फुगवून सांगितलें तर पुढच्या खरेदीदाराची फसवणूक. कमी सांगितलें तर मामांचें नुकसान. म्हणून ज्या पायऱ्यांनीं मीं तें काम केलें त्याच पायऱ्या आपल्यापुढें मांडतों.

पहिली पायरी म्हणजे वस्तऱ्याचीं अंगें ओळखणें. पात्याची जाड कड ती पाठ, तिच्या समोरची ती धार. पातें जेथें अरुंद होऊन मुठींत शिरतें त्या भागाला आपण मान म्हणूं. मानेच्या मागें बाहेर आलेली, बोट टेकण्याची बारीक वळी ती शेपटी. मूठ म्हणजे दोन पातळ फळ्या आणि त्या सांधणारे दोन किंवा तीन खिळे. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजण्याची रीत आहे. पांच-अष्टमांश आणि सहा-अष्टमांश हीं मापें नेहमींचीं. मात्र रुंदीवरून वय ठरवूं नये, कारण दगडावर घांसून घांसून सहाचें पातें चारावर येतें.

दुसरी पायरी म्हणजे घाट. अठराव्या शतकांतील विलायती वस्तऱ्याला शेपटी जवळजवळ नसतेच; असलीच तर ती आंखूड खुंटीसारखी असते. पातें मानेकडे अरुंद आणि टोंकाकडे रुंद होत जातें. १८०० च्या सुमारास शेपटी लांबूं लागली, आणि पुढें ती बोट विसावण्याइतकी वळली. पात्याचा छेदहि असाच बदलला. जुन्या पात्याचा छेद पाचरीसारखा भरीव असतो. तो हाताला जड लागतो. पुढें चक्राच्या घर्षणानें दोन्ही अंगें थोडथोडीं पोखरण्यास आरंभ झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनीतील झोलिंगेन येथील कारागिरांनीं ही पोकळ घडण इतकी पातळ केली कीं, अंगठ्याचें नख धारेजवळ हलकेच लावलें तर पातें झणकारतें. झणकारणारें पातें हातीं आलें तर पेशवाईची गोष्ट तेथेंच थांबवावी, कारण पेशवाई १८१८ सालीं संपली होती.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे मानेवरचा शिक्का. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १६२४ सालीं चाकू-कात्र्या घडविणाऱ्यांची सनदशीर संस्था स्थापन झाली, व ती कारागिरांच्या शिक्क्यांची नोंद ठेवूं लागली. तारा व माल्टाचा क्रूस हा जोसेफ रॉजर्स ह्या पेढीचा शिक्का १७६४ पासूनचा. जर्मनीतील हेंकेल्स पेढीचे जुळे भाऊ १७३१ सालीं नोंदले गेले. तथापि येथें नवशिका संग्राहक हमखास फसतो. वस्तऱ्यावर जुळे भाऊ दिसले कीं तो १७३१ चा समजून बसतो. शिक्का नोंदल्याचें साल हें पेढीच्या जन्माचें साल असतें, वस्तऱ्याच्या जन्माचें नव्हे. शिक्का आपणांस एवढेंच सांगतो कीं, ही वस्तु अमुक सालाच्या आधींची असूं शकत नाहीं. अलीकडची मर्यादा दुसऱ्या कोठून तरी शोधावी लागते. हें सूत्र लक्षांत ठेवलें तर अर्ध्या चुका टळतात.

काहीं शिक्के मात्र दोन्ही बाजूंनीं कुंपण घालतात. शेफील्डच्या अनेक वस्तऱ्यांवर मुकुट आणि राजाचीं आद्याक्षरें असतात. मुकुटाच्या दोन बाजूंस व्ही आणि आर हीं अक्षरें असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द, म्हणजे १८३७ ते १९०१; कुंपण आहे पण अंगण फार मोठें. डब्ल्यू आणि आर असतील तर तो चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७. अवघीं सात वर्षें! संग्राहकास ह्याहून सुखाची गोष्ट नाहीं. जी आणि आर असतील तर मात्र जपावें. ह्या नांवाचे चार राजे १८३० पर्यंत ओळीनें झाले, आणि १९१० नंतर पुन्हा ह्याच नांवाचे राजे गादीवर आले. तेथें घाटाची साक्ष काढल्याशिवाय निकाल देऊं नये.

पोलादाचें नांवहि शिक्क्याशेजारीं कोरलेलें असतें. ‘कास्ट स्टील’ म्हणजे मुशींत वितळवून ओतलेलें पोलाद. ही कृति बेंजामिन हंट्समन ह्यानें १७४० च्या सुमारास शेफील्डच्या परिसरांत सिद्धीस नेली. ‘सिल्व्हर स्टील’ हीं अक्षरें दिसलीं तर वस्तरा १८२० नंतरचा. आणि ह्या दोन शब्दांमागें जी कथा आहे तिचा एक धागा थेट आपल्या दाराशीं येऊन पोंचतो.

आपल्या दक्षिणेंत मुशींत पोलाद करण्याची विद्या फार प्राचीन आहे. कानडी-तेलुगूंतील ‘उक्कु’ ह्या शब्दावरून इंग्रजांनीं त्याला ‘वूट्झ’ म्हटलें. मुंबईंत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं १७९४ सालीं त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले. दुसऱ्याच वर्षीं त्यांवर जॉर्ज पिअर्सन ह्यांचा निबंध वाचला गेला. जेम्स स्टोडार्ट नांवाचा लंडनचा एक शस्त्रकार ह्या पोलादावर इतका लुब्ध झाला कीं, युरोपांतील उत्तमोत्तम पोलादापेक्षां आपण हिंदुस्थानचें हें पोलाद पसंत करतों, असें त्यानें आपल्या धंद्याच्या कार्डावर छापलें. पुढें ह्याच स्टोडार्टनें तरुण मायकेल फॅरडे ह्यास हाताशीं धरून पोलादांत निरनिराळे धातु मिसळण्याचे प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध झाले. पांचशें भाग पोलादांत एक भाग चांदी, हें त्यांतलेंच एक मिश्रण. त्या बातमीचा बाजारानें असा कांहीं फायदा उठविला कीं, चांदीचा कण नसलेल्या वस्तऱ्यांवरहि ‘सिल्व्हर स्टील’ उमटूं लागलें. म्हणून तीं अक्षरें कालदर्शक मानावींत, गुणदर्शक मानूं नयेत.

आतां दाराशीं येणारा धागा. वूट्झ पोलादाचें एक मोठें पीठ म्हणजे निर्मळजवळचें कोनसमुद्रम्. नांदेडाखालीं गोदावरी तेलंगणांत उतरते त्या टापूंत तें आहे. १८२० नंतरच्या दशकांत व्हॉयसी नांवाच्या भूस्तरशास्त्रज्ञानें तेथील भट्ट्या स्वतः पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेवलें. हें पोलाद विकत घेण्यासाठीं इराणचे व्यापारी तेथें येऊन रहात. म्हणजे पाहा, गोदेच्या कांठीं मुशींत पोलाद पिकत होतें, लंडनांत त्याची वाहवा होत होती, त्याचें रहस्य उकलण्यासाठीं फॅरडेसारखा बुद्धिमान् खपत होता; आणि त्याच गोदेच्या खोऱ्यांतला न्हावी पुढें शेफील्डचा वस्तरा हातांत घेऊन बसला! आपल्या भट्ट्या विझल्या आणि मोठ्या कारखान्यांचा स्वस्त माल आला, त्याची ही एक लहानशी पावती आहे.

चौथी पायरी म्हणजे देशाचें नांव. एकोणिसाव्या शतकांत झोलिंगेनचे कांहीं कारखानदार आपल्या मालावर बेधडक शेफील्डचें नांव घालीत. त्यास आळा घालण्यासाठीं इंग्लंडांत १८८७ सालीं मालचिन्हांचा कायदा झाला, आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानांत १८८९ सालीं. अमेरिकेनें १८९० सालीं केलेल्या जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर उत्पत्तीच्या देशाचें नांव इंग्रजींत असावें असें ठरविलें, व तें १८९१ पासून अंमलांत आलें. तेव्हां मानेवर नुसतें ‘शेफील्ड’ असेल तर वस्तरा बहुधा त्याआधींचा, ‘शेफील्ड, इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर बहुधा त्यानंतरचा, असें समजण्याचा प्रघात आहे. हा प्रघात आहे, सिद्धांत नव्हे. ‘डी. आर. जी. एम्.’ हीं जर्मन अक्षरें १८९१ च्या पूर्वींचीं असूं शकत नाहींत. ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर वस्तरा हॅरी ब्रिअर्ली ह्यांच्या १९१३ सालच्या शोधानंतरचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० ह्या दरम्यानचा. तो कितीहि गंजलेला असो!

पांचवी पायरी मुठीची. मूठ शिंगाची, हाडाची, कासवाच्या पाठीची, हस्तिदंताची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड हा पदार्थ १८७० च्या सुमारास व्यवहारांत आला, आणि हस्तिदंताची हुबेहूब नक्कल करण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ओळखण्याची खूण सोपी आहे. भिंग घेऊन पाहा. हाडांत बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. सेल्युलॉइडवर मात्र सरळ रेषा आंखणीच्या कागदासारख्या नेमक्या असतात, आणि फडक्यानें चोळून ऊन केल्यास पुष्कळदां कापराचा वास येतो. तापलेली सुई टोंचून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानूं नका. सेल्युलॉइड भडकन् पेट घेतें. आणखी एक गोष्ट. मूठ तडकली कीं न्हावी दुसरी बसवून घेई. तेव्हां पात्याचें वय वेगळें काढावें व मुठीचें वेगळें; खिळ्यांभोंवतीं उचकटल्याच्या खुणा आहेत काय तें पाहावें.

एवढी शिदोरी घेऊन मी मामांच्या ओसरीवर बसलों.

पांढऱ्या मुठीचा पेशवाई वस्तरा प्रथम घेतला. मुठीवर सरळ, सारख्या रेषा. चोळतांच कापराचा वास. पातें पोकळ घडणीचें, आणि मानेवर भिंगाखालीं स्वच्छ अक्षरें — शेफील्ड, इंग्लंड. म्हणजे १८९० च्या आगेंमागें, बहुधा त्यानंतरचाच. पेशवाई बुडून तोंवर सत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं. मामांचा चेहरा उतरला. मी म्हटलें, “मामा, हस्तिदंत नाहीं हें बरेंच झालें. खरा असता तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें आणि त्यांतील पुढच्या दुरुस्त्यांप्रमाणें त्याची विक्री हाच गुन्हा ठरला असता. कासवाच्या पाठीचीहि तीच कथा.”

दुसरा वस्तरा मूठभर जाड, भरीव पाचरीचा, शिंगाच्या मुठीचा. घरांत त्याचा उपयोग दोरे कापण्याकडे होत असे. शिक्क्यावर गंजाचा पापुद्रा होता. खरवडण्याचा मोह आवरून मीं त्यावर तेलाचा बोळा रात्रभर ठेवविला. दुसऱ्या दिवशीं कापडानें हलकेच टिपलें, तों मुकुट दिसला आणि त्याच्या दोन बाजूंस डब्ल्यू व आर! १८३० ते १८३७. ज्याला गिऱ्हाईक फुकट मागत होतें तोच खरा वडील निघाला. तो कुरुंद्यास कसा आला? मामांच्या घरची गोष्ट अशी कीं, हिंगोलीच्या छावणींतल्या एका गोऱ्या साहेबानें तो पणजोबांना दिला. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिच्यावर इंग्रज अंमलदार होते, आणि १९०३ सालीं ती व्यवस्था मोडली, हा इतिहास खरा आहे. त्यामुळें गोष्ट शक्य कोटींतली आहे. परंतु लोखंड तिला दुजोरा देत नाहीं आणि खोटीहि पाडीत नाहीं. मीं चिठ्ठींत तसेंच लिहिलें.

तिसरा देशी लोहाराच्या हातचा. शिक्का नाहीं, शेपटी नाहीं, मूठहि लोखंडाची. असे वस्तरे पिढ्यान् पिढ्या एकाच घाटाचे होत गेले. त्यांचें साल सांगणारा मनुष्य एक तर सर्वज्ञ असावा नाहीं तर दुकानदार. मीं ‘साल सांगतां येत नाहीं’ असें लिहिलें. तरी माझ्या मतें जपण्यासारखा तोच, कारण शेफील्डचे वस्तरे जगांत पुष्कळ आहेत, आणि कोणा अनामिक लोहाराचें हें काम मात्र मोडींत जाऊन जाऊन दुर्मिळ होत आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तु वेंचून केवढें संग्रहालय उभें केलें, तें आपण पाहिलेंच असेल. ती दृष्टि ह्या वस्तऱ्यालाहि हवी.

उरला फडक्यांतला. मीं मागितला नाहीं. मामांनींच दोरा सोडला. पोकळ घडणीचें पातें, काळी सेल्युलॉइडची मूठ, मानेवर ‘झोलिंगेन’ आणि ‘जर्मनी’. धार जवळजवळ अस्पर्श. दगडावर तो फारसा चढलाच नव्हता. मी म्हटलें, “मामा, हा बहुधा १८९० नंतरचा. अलीकडची मर्यादा मला सांगतां येत नाहीं.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती म्या सांगतो. वसमतीला आगीनगाडी पहिल्यांदा आली त्या सालीं आज्ज्यानं हा खाली ठेवला. नवा व्हता. एका वाड्यात बोलावणं आलं. तेरा वर्साची पोर, कपाळ पांढरं झालेली. आज्ज्यानं केस उतरवले. पोर रडली न्हाई. इतकंच इचारलं, मामा, परत कवा येतील? आज्जा घरी आला, वस्तरा बांधून ठेवला. पुन्ना त्या कामाला कुनाच्याबी वाड्यात गेला न्हाई. बलुतं तुटलं, तरी न्हाई.”

श्रोतेहो, पूर्णा-हिंगोली हा लोहमार्ग १९१२ सालीं सुरू झाला, आणि वसमत त्याच मार्गावर आहे. म्हणजे लोखंडानें मागची मर्यादा सांगितली, माणसाच्या आठवणीनें पुढची. आणि दोन साक्षी एकमेकींस मिळाल्या. वीस-बावीस वर्षांच्या पट्ट्यांत तो वस्तरा बसला. मुंबईच्या नाभिकांनीं १८९० सालीं सभा भरवून विधवांच्या केशवपनास हात न लावण्याचा निर्धार केला होता, हें इतिहासांत नमूद आहे. ती वार्ता निजामाच्या मुलखांतील ह्या खेड्यांत कधीं पोंचली होती किंवा नव्हती, कोण जाणे. पण त्याच निर्धाराला एक मनुष्य येथें एकटाच येऊन पोंचला, आणि त्यानें आपलें पोट त्यासाठीं पणास लावलें, ह्याचा पुरावा त्या न झिजलेल्या धारेंत होता. पातें झिजलेलें असलें म्हणजे संग्राहक नाक मुरडतात. एकादें पातें झिजलें कां नाहीं, हेंहि विचारावें, हें मला त्या दिवशीं कळलें.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा आहे त्यांना शेवटीं चार शब्द. आजच्या न्हाव्याच्या दुकानांत जुना वस्तरा दिसत नाहीं. एड्सविषयीं जागृति झाल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पान घालावयाचा वस्तरा रूढ झाला, आणि तें योग्यच झालें. त्यामुळें जुने वस्तरे आतां पेट्यांच्या तळाशीं आहेत. ते सांपडतील तेव्हां राखेनें वा काचकागदानें घांसूं नका. शिक्का गेला कीं वस्तऱ्याची वाचा गेली. तेलाचा हात द्या, कोरड्या जागीं ठेवा. सेल्युलॉइडची मूठ कुजूं लागली तर तिच्या वाफेनें पातें गंजतें, म्हणून असा वस्तरा बंद डबींत व इतरांजवळ ठेवूं नका. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येतात. त्या सहज म्हणून परदेशीं पाठवितां येत नाहींत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वस्तूबरोबर चिठ्ठी ठेवा. वस्तु कोणाची, कोठून आली, कोणीं सांगितलें, हें लिहा. जें पाहिलें तें एका ओळींत आणि जें ऐकलें तें दुसऱ्या ओळींत.

मामांनीं विल्यम राजाचा वस्तरा माझ्या चिठ्ठीसह विकला. रक्कम पेशवाईइतकी आली नाहीं, पण नातीची त्या वर्षाची फी निघाली. पांढऱ्या मुठीचा त्याच गिऱ्हाइकानें खऱ्या वयाच्या भावानें नेला. लोहाराचा वस्तरा मामांनीं मला देऊं केला. मीं तो धोकटींतच राहूं द्या म्हणून सांगितलें. आणि फडक्यांतल्या वस्तऱ्याची चिठ्ठी मामांच्या नातीनें आपल्या हातानें लिहिली. तींत पेढीचें नांव नाहीं, रुंदी नाहीं, मूठ कशाची तेंहि नाहीं. तिनें लिहिलें आहे: “हा माझ्या खापरपणजोबांचा. साल १९१२. त्यानंतर वापरला नाहीं.”

नातें मोजतांना ती चुकली नाहीं. आजोबांचे आजोबा म्हणजे खापरपणजोबाच. मला कांहीं दुरुस्त करावें लागलें नाहीं. सालहि बरोबर आहे.